देवचंद आचारी जेवायला बसतो

जळगावच्या पिंप्राळ्यात देवचंदभाऊ आचाऱ्यांचं घर शोधायला पत्ता विचारावा लागत नाही. घरासमोर ओट्यावर दोन-चार मोठी पातेली पालथी घातलेली असतात आणि लग्नसराई जवळ आली की भाजलेल्या खोबऱ्याचा आणि मिरचीचा वास सगळ्या गल्लीला खोकायला लावतो. तो मसाला त्यांच्या बायकोच्या, लिलाबाईंच्या हातचा. शेजारी खोकतात, पण तक्रार करत नाहीत, कारण मसाला कुटून झाला की प्रत्येक घरी वाटीभर जातो.

देवचंदभाऊ मूळचे नरडाण्याजवळच्या एका खेड्यातले. तरुणपणी जळगावात एका नावाजलेल्या आचाऱ्याकडे कांदे चिरायला आले आणि त्याच्याच हाताखाली शिकून स्वतःच्या भट्ट्या मांडायला लागले. बौद्ध वस्तीतला मंगल परिणय असो की पाटलांच्या घरचं लग्न, जळगावपासून धुळ्यापर्यंत वरण-बट्टी म्हटलं की त्यांचं नाव निघायचं. वजनकाटा, माप हे त्यांनी कधी वापरलंच नाही. तळहातावर थेंब घ्यायचा, जिभेला लावायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, मीठ मूठभर कमी आहे. ते मूठभरच कमी असायचं.

असा माणूस वयाच्या पन्नाशीत शंभर किलोच्या बराच पुढे गेला होता. त्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं, उलट अभिमानच होता. बारीक आचाऱ्याच्या हातचं कोण खाईल, असं ते म्हणायचे आणि गिऱ्हाइकांनाही ते पटायचं. बोलणी करायला आलेला माणूस आधी त्यांच्या पोटाकडे बघायचा आणि निम्मा निश्चिंत व्हायचा.

पहिला धक्का दिला तो स्कूटरनं. मागचं चाक सारखं बसायला लागलं म्हणून भाऊंनी ती कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेली. त्यानं सगळं तपासलं आणि अगदी आदरानं सांगितलं की गाडीत काही दोष नाही, फक्त मागे बसणाऱ्या मामी रिक्षानं आल्या तर बरं होईल. लिलाबाई तशा अंगानं किडकिडीत. त्यांना रिक्षात बसवून आपण स्कूटरवर पुढे जायचं, यात काहीतरी चुकतंय एवढं भाऊंना कळलं, पण त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

दुसरा धक्का मात्र हसण्यावारी नेता आला नाही. त्या हिवाळ्यात, भरिताच्या ऐन हंगामात, त्यांचे गुडघे इतके दुखायला लागले की भट्टीसमोर तासभर उभं राहिलं की डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, दाब बघितला. साखर उंबरठ्यावर आहे, दाब वाढलाय आणि गुडघ्यांवर त्यांच्या ताकदीबाहेरचं ओझं आहे, असं त्यांनी सांगितलं. वजन उतरवलं नाही तर आणखी चार-पाच वर्षांत उभ्यानं काम करणं अवघड होईल. आचाऱ्यानं बसून काम करायचं म्हणजे काय, हे भाऊंच्या डोळ्यांपुढे येईना. 

त्यांचा मुलगा प्रशील नरडाण्याच्या एमआयडीसीत नोकरी करतो. वडिलांची काळजी त्यालाही होतीच. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एकानं कसलीशी पूड पाण्यात कालवून पिऊन दोन महिन्यांत भलतंच वजन उतरवलं होतं. प्रशीलनं ते डबे आणून दिले. सकाळी पूड, दुपारी पूड, संध्याकाळी काकडी आणि कोबी. भाकर नाही, भात नाही, तेलाचा थेंब नाही.

भाऊंचा स्वभाव असा की कुठलंही काम अर्धवट करायचं नाही. त्यांनी पूड सुरू केली आणि खरोखरच वजन भराभर उतरायला लागलं. शर्ट सैल झाले. गल्लीतले लोक थांबवून विचारायला लागले. भाऊंना आणखी हुरूप आला आणि त्यांनी एक शपथ घेतली, की कामावरसुद्धा जिभेला काही लावायचं नाही. चव तोताराम बघेल. तोताराम हा त्यांचा जुना सोबती, वीस वर्षांपासून तळणीवर उभा राहणारा. त्यानं मान डोलावली, पण आजवर चव बघायचं काम त्यानं कधी केलंच नव्हतं.

घरात मात्र काही ठीक चाललं नव्हतं. भाऊंची चिडचिड वाढली. ज्या माणसानं कधी भांडं आपटलं नव्हतं, तो झाकण सापडलं नाही म्हणून ओरडायला लागला. जेवणाच्या वेळी ते पेला तोंडाला लावून ओट्यावर जाऊन बसायचे, कारण आत भाकरीचा वास यायचा. लिलाबाई चुलीसमोर एकट्याच जेवायच्या. गॅस असला तरी भाकरीसाठी त्यांनी मागच्या अंगणात चूल ठेवलीय. एक दिवस त्यांनी तवा उतरवून ठेवला आणि ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या.

"मन्हा हातनी भाकर तुमले नको," त्या अहिराणीत म्हणाल्या, "नि त्या डबडानी पूड गोड लागस?"

 पूड गोड लागत नव्हतीच. ती कशासारखीच लागत नव्हती. पण वजन उतरत होतं आणि त्यांना तेवढंच दिसत होतं.

फेब्रुवारीत नरडाण्याला ज्ञानेश्वर पाटलांच्या मुलीचं, पुनमचं लग्न होतं. पाटील भाऊंच्या गावाकडचे, शेतकरी माणूस, शाळेपासूनची ओळख. त्यामुळे भाऊंनी ते काम घरचं समजून घेतलं होतं. पहाटेपासून भट्ट्या पेटल्या. गव्हाच्या बट्ट्या उकडून चिरून तयार होत्या, तोताराम त्या तळायला लागला होता आणि मोठ्या पातेल्यात वरण रटरटत होतं. भाऊंच्या पोटात सकाळपासून पुडीचं पाणी, वर भट्टीचा जाळ. डोकं हलकं झालं होतं. त्यांनी वरणात मीठ घातलं. मग कुणीतरी वाढप्यांबद्दल विचारायला आलं, त्याच्याशी बोलून ते परत वळले आणि मीठ घालायचं राहिलंय असं वाटून त्यांनी पुन्हा घातलं. तोतारामानं चव घ्यायला हवी होती. पण भाऊ स्वतः पातेल्याजवळ उभे आहेत म्हणजे बघितलीच असेल, असं त्याला वाटलं.

लिलाबाई पुरणाच्या कामाला आलेल्या बायकांबरोबर मांडवाच्या मागे होत्या. त्यांनी सहज वाटीभर वरण मागवलं आणि पहिल्याच घोटाला त्यांचा चेहरा बदलला. त्या उठून भट्टीकडे आल्या तेव्हा भाऊ गव्हाच्या पोत्यावर बसलेले होते, तोंड पांढरंफटक, आणि ज्ञानेश्वर पाटील त्यांच्या कपाळावर ओला रुमाल ठेवत होते. भाऊंना चक्कर आली होती.

आधी त्यांना साखर-मीठ-पाणी पाजलं. मग लिलाबाईंनी पाटलांना बाजूला घेतलं आणि वरण खारट झालंय हे सरळ सांगून टाकलं. हजारभर माणूस जेवायचं आणि वरण तोंडात धरवत नाही. दुसरं वरण भट्टीवर शिजवायला वेळ नव्हता. पण लिलाबाईंना एक गोष्ट सुचली. त्यांनी तुरीच्या डाळीचं कोठीतलं पोतं उघडलं आणि मांडवातल्या बायकांना सांगितलं की प्रत्येकीनं पदरात डाळ घ्यायची, घरी जायचं, कुकरला लावायची आणि मीठ अजिबात घालायचं नाही. बघता बघता बायका पांगल्या. थोड्या वेळानं अर्ध्या गावातून कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायला लागल्या. बँडवाले वाजवायचे थांबले आणि कान देऊन ऐकायला लागले. मग बायका एकेक करत गरम कुकर कापडात धरून मांडवात आल्या आणि ती अळणी डाळ खारट वरणात मिसळत गेली. पंगत तासभर उशिरा बसली, पण वरण जमलं. काही जण तर म्हणाले की असं वरण आजवर खाल्लं नव्हतं, आणि ते खरंच होतं, कारण त्यात पन्नासएक घरची डाळ होती.

भाऊ पोत्यावर बसून हे सगळं बघत होते. त्यांना फार शरमल्यासारखं झालं होतं. पाटील ताट घेऊन त्यांच्याजवळ आले आणि शेजारी मांडी घालून बसले.

"देवचंदा, मिठाचं काही नाही," ते म्हणाले. "तू भुकेला राहून माझ्या मुलीचं लग्न रांधतोयस, ते मला बघवलं नाही. जेव आधी."

भाऊ जेवले. इतक्या दिवसांची भूक त्या एका ताटात उतरली. बट्टी, वरण, तूप, घोटलेली वांग्याची भाजी, पुन्हा बट्टी. घरी परतल्यावर पुडीचे उरलेले डबे प्रशीलनं मुकाट्यानं नेऊन टाकले. उन्हाळाभर लग्नं होती. मे संपेपर्यंत उतरलेलं सगळं वजन परत आलं आणि वर दोन किलो जास्तच आलं.

डॉक्टरांनी या वेळी त्यांना मोनालीताईंकडे पाठवलं. मोनालीताई आहारतज्ज्ञ, वयानं प्रशीलएवढ्या, त्याच दवाखान्यात आठवड्यातून दोनदा बसतात. भाऊंनी मनाची तयारी केली होती की आता काय काय बंद करायचं याची लांबलचक यादी मिळणार. पण ताईंनी विचारलं ते वेगळंच.

"काका, मी आज तुमचं काही बंद केलं, तर तुम्ही ते किती दिवस पाळाल?"

"सांगाल तितके दिवस," भाऊ म्हणाले.

"आणि त्यानंतर?"

भाऊंनी पोटावरचा शर्ट ओढून सारखा केला. त्यानंतर काय होतं, हे नुकतंच त्यांच्या अंगावर सगळ्यांना दिसत होतं.

ताई म्हणाल्या, "जे पुढच्या दिवाळीत चालेल आणि त्याच्या पुढच्या दिवाळीतही चालेल, तेवढंच आपण सुरू करायचं. त्याहून एक घासही जास्त तोडायचा नाही."

मग त्यांनी रोजचं खाणं विचारलं. भाऊंनी प्रामाणिकपणे सांगितलं की ते दोनदाच जेवतात, दोन-तीन भाकरी आणि भाजी, कामाच्या दिवशी तर तेवढंही होत नाही. ताईंनी त्यांना खोटं ठरवलं नाही. फक्त एक काम सांगितलं. पुढच्या कामाच्या दिवशी एक रिकामा डबा बरोबर न्यायचा. जे जे तोंडात टाकाल, तेवढंच त्या डब्यातही टाकायचं. दिवस संपला की डबा घरी नेऊन उघडायचा.

त्या आठवड्यात शहरातच एक साखरपुडा होता. भाऊंनी लिलाबाईंचा पिठाचा डबा उचलला आणि हे काम तोतारामाकडे सोपवलं. तोतारामानं ते इतकं मनावर घेतलं की तो दिवसभर डबा घेऊन भाऊंच्या मागे मागे फिरला. भाऊंनी भज्याचा तुकडा मोडला की इकडे डब्यात तेवढाच तुकडा. शेवभाजीचा चमचा, की डब्यात चमचा. बुंदी बरोबर पडतेय का हे बघायला भाऊंनी चिमूटभर उचलली, तर तोतारामानं त्यांचा हात धरून ती चिमूट नीट निरखली, कारण भाऊंची चिमूट म्हणजे दुसऱ्याची मूठ होती. दुपारच्या आतच डबा भरला. तोतारामानं कुणाला न विचारता दुसरं पातेलं आणलं.

संध्याकाळी लिलाबाईंनी दोन्ही भांडी परातीत रिकामी केली. बट्ट्यांचे तुकडे, जिलबीचे अर्धे वेढे, भज्यांचा ढीग, तेलात न्हालेली शेव, बुंदी, पुऱ्यांच्या कडा, आणि या सगळ्यावर बासुंदी ओघळलेली. परात काठोकाठ भरली. त्यांनी ती भाऊंसमोर सरकवली.

"हाई बठ्ठं तुमीच खादं?"

"चाखं फक्त," भाऊ हळूच म्हणाले.

"चाखीसन इतलं, तं खाईसन कितलं?"

आणि लिलाबाईंना हसू फुटलं. त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, भिंतीला टेकून खाली बसल्या, तरी हसू थांबेना. भाऊंनी थोडा वेळ तोंड गंभीर ठेवलं, मग परातीकडे बघितलं आणि तेही हसायला लागले. प्रशील कामावरून आला तेव्हा आई-वडील परातीच्या दोन बाजूंना बसून डोळे पुसत होते, आणि झालंय काय ते त्याला कुणी सांगेना.

मोनालीताईंनी ही हकीकत ऐकली आणि एकच प्रश्न विचारला. त्या परातीतल्या कुठल्या कुठल्या घासाची चव काकांना आठवते? भाऊंनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. पहाटे तळणीतून काढलेल्या पहिल्या बट्टीचा कुरकुरीत तुकडा आठवला. त्यापुढचं काहीच आठवेना. आयुष्यभर चवीवर जगलेला माणूस दिवसभरात एवढं खात होता आणि त्यातला एकच घास त्याला लागला होता. दवाखान्यातून निघताना हे त्यांना वजनापेक्षाही जास्त टोचत होतं.

पुढचं त्यांनी स्वतः ठरवलं. ताईंनी तसंच सांगितलं होतं, की स्वयंपाक तुम्हाला माझ्याहून जास्त कळतो, तेव्हा जेवण तुम्हीच बसवा, मी फक्त बघेन. कामावर चव घ्यायची ती पूर्वीसारखी तळहातावर थेंबभर, आणि तीही आच मंद केल्यावर एकदाच. कामाला निघण्याआधी घरी बसून पोटभर जेवायचं, म्हणजे भट्टीवर भुकेल्या पोटी उभं राहायला नको. ताटात आधी भाजी आणि उसळ, मटकी, मूग, चवळी जे असेल ते. मग दादर ज्वारीची एक भाकर. भूक राहिली तर आणखी अर्धी. भाजीवर तेलाची तर्री तरंगायलाच हवी हा हट्ट सोडला, पण फोडणी सोडली नाही. वरण-बट्टी तर अजिबात सोडली नाही. पंधरा दिवसांतून एका रविवारी, दोन बट्ट्या, वर चमचाभर तूप, आणि त्याबद्दल मनात काही ठेवायचं नाही.

लिलाबाईंनी यात एकच अट घातली. जेवायला दोघांनी बरोबर बसायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आचाऱ्याच्या घरी जेवणाची वेळ अशी नसतेच. ते बाहेर रांधायचे, या घरी जेवायच्या. आता सकाळी चुलीजवळ दोन पाट पडायला लागले. लिलाबाई भाकर थापता थापता गल्लीतल्या गोष्टी सांगायच्या आणि भाऊंच्या लक्षात आलं की बोलत बोलत जेवलं की हात आपोआप हळू चालतो. गिलक्याची, म्हणजे घोसाळ्याची, साधी भाजी इतकी गोड लागते हे त्यांना नव्यानं कळलं. भाकर उलटताना हाताला चटका बसला की लिलाबाई जीभ चावतात, हेही.

पावसाळ्यात लग्नं नव्हती, तेव्हा दोघं सकाळी मेहरूण तलावाकडे चालायला जायला लागले. पहिल्या दिवशी भाऊ निम्म्या वाटेतच बाकावर बसले. लिलाबाई पुढे जाऊन वळून आल्या आणि त्यांना घेऊन परतल्या. श्रावण संपेपर्यंत भाऊ न बसता जायला लागले. गुडघे दुखायचे, पण रात्री झोप लागायची.

सगळं सरळ झालं असं नाही. दिवाळीत चकल्या आणि अनारशांनी दोन किलो परत आणलं. त्यानंतर महिनाभर काटा हलेना. एके दिवशी भाऊ वैतागून म्हणाले की हे असं मुंगीच्या पावलांनी कुठवर चालायचं, त्यापेक्षा पूड बरी होती. लिलाबाई कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ मळत होत्या. त्यांनी वरही बघितलं नाही. बुद्धविहारात मध्यम मार्गावरचं प्रवचन पहिल्या रांगेत बसून ऐकता आणि घरी आलात की एकतर परात नाहीतर उपास, असं त्या म्हणाल्या. भाऊंनी पाट ओढला. मोनालीताईंनीही समजावलं की वजन असंच उतरतं, थांबतं, पुन्हा उतरतं, आणि त्यांना रक्ताचा नवा अहवाल दाखवला. साखर उंबरठ्यावरून मागे गेली होती, दाबही खाली आला होता. काटा रुसला होता, पण शरीर कामाला लागलेलं होतं.

जानेवारीपर्यंत आठ-नऊ किलो उतरले आणि तेव्हा खरी गंमत झाली. भाऊंना काहीतरी मोठा आजार झालाय अशी बातमी पसरली. लोक केळी आणि सफरचंदं घेऊन भेटायला यायला लागले. दारात हळू आवाजात लिलाबाईंना विचारायचे, निदान कधी झालं? लिलाबाई सांगायच्या की भाऊ जेवायला बसतात म्हणून बारीक झालेत, आणि समोरच्याचा चेहरा आणखीच पडायचा. बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय असं वाटून काही जणांनी त्यांचेच हात हातात घेतले.

चाळीसगावच्या लताबाईंच्या मुलीचं, सारिकाचं लग्न मे महिन्यात होतं आणि आचारी म्हणून भाऊंना आधीच सांगून झालं होतं. ही बातमी तिथपर्यंत पोचली. लताबाई भावाला घेऊन थेट पिंप्राळ्यात आल्या. सरळ बोलणारी बाई.

"भाऊ, वाईट वाटून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "मे महिन्यापर्यंत तुम्ही... म्हणजे बरे असाल ना?"

भाऊ म्हणाले, "अक्का, मागच्या दहा वर्षांत इतका बरा नव्हतो."

लताबाईंना ते पटलं नाही, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तेव्हा भाऊंनी त्यांना थांबवून घेतलं. मागच्या अंगणात हिरवी वांगी होती. त्यांनी कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ केला, वांगी भाजली, मिरची-लसणाबरोबर लाकडी बडगीत ठेचली, वरून कांद्याची पात आणि शेंगदाणे. तेल घातलं ते पूर्वीच्या निम्म्याहून कमी. लिलाबाईंनी कळण्याच्या भाकरी टाकल्या. सगळे एकत्र बसले. लताबाईंचं लक्ष स्वतःच्या ताटापेक्षा भाऊंच्या ताटाकडे जास्त होतं. भाऊंनी भरीत मन लावून खाल्लं, दीड भाकर खाल्ली, बोट चाटलं आणि ताटाला नमस्कार करून हात धुतले.

"जेवतात की चांगले," लताबाई भावाला म्हणाल्या, आणि मगच त्यांनी स्वतः दुसरी भाकर मागितली.

निघताना त्यांनी एक वेगळीच मागणी केली. लग्नात पंचपक्वान्नं असतीलच, पण एका बाजूला ही भाकर हवी, लिलाबाईंच्या हातची. भाऊ बिचकले. लग्नात भाकर वाढली तर पाहुणे नावं ठेवतील, आचाऱ्याची लाज जाईल, असं त्यांना वाटलं. लिलाबाई आतून हात पुसत आल्या आणि म्हणाल्या की त्या स्वतः उभ्या राहतील. आजवर त्या मांडवाच्या मागे बसल्या होत्या, पुढे कधी आल्या नव्हत्या.

मे महिन्यात चाळीसगावला तो मांडव पडला. एका बाजूला जिलबी, बासुंदी, पुऱ्या, बट्ट्या. दुसऱ्या बाजूला तीन चुली आणि त्यांच्यामागे नवी कोरी साडी नेसलेल्या लिलाबाई, जोडीला नात्यातल्या दोन बायका. दादरची गरम भाकर, मटकीची उसळ, गिलक्याची भाजी, कैरीची चटणी, मिरचीचा ठेचा आणि मठ्ठा. सुरुवातीला तिकडे फक्त म्हातारी माणसं गेली. मग नवरदेवाचे मित्र गेले, बघू तरी म्हणून. थोड्या वेळानं चुलींपुढे अशी रांग लागली की वाढप्यांना दोरी बांधावी लागली. एक पाहुणा तीनदा आला आणि प्रत्येक वेळी बायकोसाठी नेतोय असं सांगून गेला. त्याची बायको रांगेतच उभी होती.

भाऊ सबंध वेळ भट्टीवर उभे होते. मध्ये एकदाही बसले नाहीत. पंगती उठल्यावर लिलाबाईंनी दोन भाकरी बाजूला काढल्या आणि दोघं मांडवाच्या मागे सावलीत जेवायला बसले. तेवढ्यात तोताराम जिलबीचा शेवटचा घाणा घेऊन आला, पाक बरोबर झालाय का ते बघायला.

"तूच चाख," भाऊ म्हणाले. "मी जेवतोय."

तोतारामानं जिलबी तोंडात टाकली, डोळे मिटले, बराच वेळ विचार केला आणि पाक एक तार जास्त झाल्याचं सांगितलं. भाऊंनी मान डोलावली आणि उसळीत भाकर बुडवली.

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलंय. एकूण पंधराएक किलो उतरले असतील. देवचंदभाऊ बारीक काही दिसत नाहीत, पोट आहेच, पण त्यांना बुटाची नाडी स्वतः बांधता येते आणि विहाराच्या पायऱ्या ते बोलत बोलत चढतात. मोनालीताईंच्या मते आणखी थोडं उतरायला हवं. भाऊ म्हणतात उतरेल, घाई नाही. लिलाबाईंच्या भाकरीला मात्र आता वेगळी बोलावणी येतात. मागच्या महिन्यात धुळ्याच्या एका लग्नासाठी यजमानांनी आधी त्यांना भाकरीचं विचारलं आणि मग आचारी कोण आणणार, ते विचारलं. त्या म्हणाल्या, आहे एक ओळखीचा.